मुका मार

फासा मिठाच्या भांड्याला टेकून थांबला होता आणि त्याच्या वरच्या अंगावर सतरा होता... काल झोपायला जाण्यापूर्वी त्याने तो स्वतःच्या हाताने टेबलाच्या या कडेला ठेवला होता – चार वर करून. वीस बाजूंचा, दुधी निळा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला, धाकट्या भावाचा फासा. मागच्या खेळाच्या वेळी तो कपाटाखाली घरंगळला होता आणि सगळे गेल्यावर सापडला होता. टेबल पुसताना बायकोने उचलला असेल, पुसून झाल्यावर परत ठेवला असेल, एवढं ते साधं. पण पुसताना उचललेली वस्तू माणूस जागच्या जागी ठेवतो, फार तर बाजूला सारतो; ती अशी घरंगळत जाऊन मिठाच्या भांड्याला टेकत नाही. हा फासा ठेवलेला नव्हता, टाकलेला होता. तो उठायच्या आत कुणीतरी या टेबलावर फासा टाकून काहीतरी ठरवलं होतं, आणि घरात माणसं दोनच असल्यामुळे कुणीतरी म्हणजे कोण हे शोधायला बाहेर जायची गरज नव्हती.

मिठाचं भांडं आता शोभेपुरतंच टेबलावर असे. त्याच्या जेवणातलं मीठ दवाखान्यातून घरी आल्यापासून कमी झालं होतं. तिच्याही झालं होतं, कारण एका घरात दोन चवींचा स्वयंपाक कोण करणार, असं ती म्हणाली होती. पूर्वी ती असं म्हणाली नसती. पूर्वी ती म्हणाली असती, तुमच्या पथ्याने माझ्या जिभेचा का छळ – आणि आपलं मीठ वरून घेऊन त्याच्यासमोर चवीने जेवली असती.

स्वयंपाकघरातून चहाच्या पातेल्यावर गाळणी ठेवल्याचा आवाज आला. तो खुर्ची सरकवून बसला, फाशाला हात न लावता.

“लागली का झोप?” आतूनच तिने विचारलं.

“लागली.” मग थोडं थांबून, हवापाण्याची चौकशी करावी अशा सुरात तो म्हणाला, “त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर बाहेर तुझ्याशी बराच वेळ बोलत होते, नाही गं?”

गाळणीतून पडणारी धार मध्येच थांबली, पुन्हा सुरू झाली.

“जपायचं, दगदग नको, गोळ्या वेळेवर घ्यायच्या. बाकी सगळं ठीक आहे म्हणाले.”

हेच. शब्दन्‌शब्द हेच. काल संध्याकाळी हेच, परवा फिरून येताना हेच. ‘जपायचं’ नेहमी आधी आणि ‘गोळ्या’ नेहमी ‘दगदग’नंतर. वजनमापांचा निरीक्षक म्हणून आयुष्य घालवलेल्या माणसाला एवढं तरी कळतं की खरं बोलणारा माणूस एकच गोष्ट दोनदा सांगताना कुठे ना कुठे घसरतो, एखादा शब्द मागेपुढे करतो, मध्येच काहीतरी आठवून थांबतो. शब्द जागचे हलत नाहीत ते फक्त पाठ केलेल्या जबानीत. दुकानदार सांगतो ना – साहेब, काटा कालच तपासून आणलाय – आणि पुन्हा विचारलं की पुन्हा तेच, त्याच चालीत... तेव्हा तो दुकानदाराला बाजूला सारून काट्याचं पारडं उलटं करून त्याच्या तळाशी चिकटवलेलं काय आहे ते पाहायचा. बायकोला उलटं करून पाहता येत नाही, एवढीच अडचण होती.

त्या दिवशी त्याने पाहिलं होतं ते काचेतून. दाराला हातभर काच, तिच्यापलीकडे डॉक्टर, बायको आणि धाकटा. आवाज येत नव्हता. नळ्यांनी बांधलेला तो उताणा पडून नुसतं बघत होता. डॉक्टरांचा हात काहीतरी सावकाश कापल्यासारखा हवेत खाली-वर होत होता. बायको मान हलवत होती – कळलं, कळलं, अशी नाही. बरं, तसंच करू, अशी. या दोन मान हलवण्यांतला फरक त्याला बरोबर कळतो. मग तिने धाकट्याच्या बाहीवर हात ठेवला, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि ती दार ढकलून हसतमुखाने आत आली. सगळं ठीक आहे म्हणाले. त्या हसण्याचं वजन त्याने तेव्हाच करून ठेवलं होतं.

तेव्हापासून ती भांडली नव्हती.

हे कुणाला सांगायला गेलं तर लोक म्हणतील, नशीबवान आहात. पण ती भांडायची कशी, हे लोकांना काय माहीत. पलंगावर टाकलेल्या ओल्या टॉवेलवरून सुरुवात करून ती लग्नातल्या मानपानापर्यंत अशी सहज जायची की वाटेत एकही मुद्दा सुटत नसे. दुकानातून आलेला डाळीचा पुडा तो घरी पुन्हा तोलायचा तेव्हा ती म्हणायची, मलाही एकदा तोलून घ्या आणि शिक्का मारून टाका, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. आता तो मुद्दाम ओला टॉवेल पलंगावर टाकतो. ती उचलते, वाळत घालते. परवा तर त्याने शेवटचा उपाय करून पाहिला – तुझ्या बहिणीला बोलण्याचा पोच नाही, असं जेवताना शांतपणे सांगितलं. ती म्हणाली, “नसेल.” त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. जिच्या बहिणीबद्दल चुकून ब्र काढला तर चार दिवस घरात वेगळी हवा वाहायची, ती बाई ‘नसेल’ म्हणते, याचा अर्थ डॉक्टरांनी तिला नक्की काहीतरी सांगितलंय... याला ताण देऊ नका. याला काही बोलू नका. फार दिवस नाहीत, तेवढे गोडीत काढा. आणखी काय असणार?

चहात साखर बेताची होती. तिने कप ठेवला, फासा उचलला, पदराच्या टोकाने पुसून पुन्हा ठेवला – या वेळी नीट, एका जागी – आणि धुतलेल्या चादरींची बादली घेऊन गच्चीवर गेली.

हीसुद्धा एक गोष्ट होतीच. दोन चादरी वाळत घालायला माणसाला किती वेळ लागतो? ती गेली की बराच वेळ खाली येत नसे. प्रथम त्याला वाटलं, धाकट्याशी फोनवर बोलत असणार. पण फोन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर असायचा, त्याने जाऊन खात्री करून घेतली होती. म्हणजे फोन नाही. म्हणजे मग काय? जी शंका खोटी ठरते ती नाहीशी होत नाही, आपली जागा दुसरीला देऊन जाते, हे त्याला कामातून ठाऊक होतं.

कचेरीतही तेच चाललं होतं. परत रुजू झाल्यावर त्याला बाजारात पाठवणं बंद झालं. टेबलावरचं काम दिलं, खिडकीजवळची खुर्ची दिली, शिपाई न सांगता पाणी आणून ठेवू लागला. सगळं जग अचानक त्याच्या बाजूने चुकू लागलं होतं. आणि हे त्याला पचत नव्हतं, कारण उभ्या नोकरीत त्याने पाहिलेले काटे चुकायचे ते दुकानदाराच्या बाजूने. त्यात काही विशेष नाही, त्याचा राग येतो पण भीती वाटत नाही. गिऱ्हाइकाच्या बाजूने चुकणारा काटा मात्र क्वचित सापडतो, आणि तो सापडला की हात थबकतो. कायद्याला चूक कुणाच्या बाजूची याच्याशी देणंघेणं नाही; जास्त देणारा काटाही तो बादच करतो. त्याचं मन याहून पुढे जाऊन विचारायचं – जास्त देतोय, तर का देतोय?

दुपारची जेवणं आटोपल्यावर धाकटा आला, हातात पुठ्ठ्याची घडी आणि फाशांची पिशवी. मागोमाग वरच्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण आली. एकाआड एक रविवारी हा खेळ याच टेबलावर चालायचा, आजारपणाच्याही कितीतरी आधीपासून. खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत. धाकटा सूत्रधार – तो गोष्ट सांगतो, वाटेतले चोर, राक्षस, राजे सगळे तोच बोलतो – आणि बाकीचे तिघं आपापल्या पात्राने त्या गोष्टीत शिरतात. काय करायचं ते बोलून दाखवायचं, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. सूत्रधाराचे स्वतःचे फासे उभ्या केलेल्या पुठ्ठ्याआड पडतात; ते इतरांनी पाहायचे नसतात. बायकोचं पात्र एक चोरटी, कुठलंही कुलूप उघडणारी. डॉक्टरिणीचं पात्र जखमा भरणारी जोगीण. “दिवसभर लोक मला बघून घाबरतात,” ती म्हणायची, “इथे तरी कुणाला बरं वाटू दे.”

आणि त्याचा तो राक्षस. पूर्वी त्याच्याकडे तलवारबाज होता, दिसेल त्याचं मुंडकं उडवणारा. दवाखान्यातून आल्यावर त्याने तो टाकून दिला आणि हा नवा घडवला: ताडमाड उंच, खांद्यावर गोणपाट गुंडाळलेला सोटा, आणि एक शपथ – जीव घ्यायचा नाही. धाकटा खूश झाला. दादा, दुखण्याने मवाळ केलं तुला, म्हणाला. मवाळ? मेलेला माणूस बोलत नाही, एवढाच त्यामागचा विचार होता. जिवंत पकडलेल्याला विचारता येतं.

खेळाच्या नियमात इजा दोन जातींची. एक जखम – ती थेट जिवातून वजा होते. दुसऱ्या जातीला पुस्तकात लांबलचक शब्द होता, धाकट्याने त्याचा ‘मुका मार’ केला. मुका मार वेगळा साठत जातो. साठता साठता तो समोरच्याच्या जिवाइतका झाला की माणूस बेशुद्ध पडतो, मरत नाही, विश्रांतीने उठून बसतो. साध्या शस्त्राने असा मार द्यायला गेलं तर नेम कमी होतो, जोर कमी होतो. म्हणून तो पुस्तक घेऊन बसला, आणि वजनमापातल्या माणसाला शोभेल अशा चिकाटीने त्याने एकेक नियम जोडत नेला. गोणपाटामुळे नेम कमी होत नाही. शपथेमुळे एक फासा जास्त. कोपऱ्यात सापडलेल्याला मारलं तर आणखी एक. जोगिणीचा आशीर्वाद घेतला की वर भर. असं करत करत त्याच्या एका तडाख्याला ओंजळभर फासे पडू लागले – आणि रक्ताचा थेंब नाही. त्यात एक शांत, नीटनेटका आनंद होता. “तुमचा राक्षस जीव घेत नाही, इन्स्पेक्टरसाहेब,” डॉक्टरीण म्हणाली होती, “नुसता प्राण कंठाशी आणून सोडतो.” सगळे हसले होते, बायकोसुद्धा, पण जरा उशिराने.

एक बारीक नियम पुस्तकात तळाशी होता आणि धाकट्याने तो पहिल्याच दिवशी वाचून दाखवला होता: बेशुद्ध पडण्याइतका मुका मार साठल्यावरही मारत राहिलं, तर वरचा सगळा मार जखम म्हणून धरायचा. त्याने तेव्हा मान डोलावली होती. समजलंय, अशा अर्थाने.

पण खरी गोष्ट पुठ्ठ्याआडची होती. दवाखान्यातून आल्यापासून त्याच्या राक्षसाला काहीच लागत नव्हतं. बाण खांद्यावरून जात. खड्ड्यात पडला तर मध्येच कपार यायची. मागच्या खेळात तो मुद्दाम जळत्या कोठारात शिरला, धाकट्याने पुठ्ठ्याआड फासा टाकला आणि म्हणाला – तुळई तुझ्या डाव्या बाजूला कोसळते, थोडक्यात वाचलास. प्रत्येक वेळी थोडक्यात? धाकट्याच्या पाठीमागे कपबशांचं काचेचं कपाट होतं. त्या काचेत पुठ्ठ्याची मागची बाजू दिसायला हवी, फक्त खुर्ची डॉक्टरिणीची हवी.

“मी आज इकडे बसतो,” तो म्हणाला. “तिकडे पंख्याचा वारा थेट अंगावर येतो.”

“बसा की,” डॉक्टरीण उठली. बायकोने धाकट्याकडे पाहिलं. किती चटकन पाहिलं! पंख्याच्या वाऱ्यात पाहण्यासारखं काय असतं? त्याने तेही टिपून ठेवलं.

गोष्ट अशी होती की त्यांच्या शहरात शत्रू शिरला होता, मागच्या वेशीचा अडसर कुणीतरी आतून काढल्याचा संशय होता, आणि मागच्या खेळात राक्षसाने तिथला म्हातारा पहारेकरी पकडला होता. त्याला तळघरात बांधून ठेवलं होतं. मागच्या वेळी थोडी विचारपूस झाली होती. आज उरलेली करायची.

“मी अडसर बघून आले,” बायको म्हणाली. तिची चोरटी अशी कामं न सांगता करायची. “बाहेरून कापलाय. आतून कुणी काढलेला नाही. सोडा त्याला.”

“बाहेरून कापल्यासारखं आतून करता येतं,” तो म्हणाला.

“मी त्याला पाणी देते,” डॉक्टरीण म्हणाली.

“नंतर. आधी बोलू दे.”

धाकट्याने खांदे पाडले, मान खाली घातली आणि आवाज थकलेला केला. हे त्याला चांगलं जमायचं. “मालक, जे ठाऊक होतं ते मागेच सांगितलं. मी दारापाशी होतो, आवाज आला, मी वळलो. पुन्हा तेच सांगतो, मालक. मी दारापाशी होतो, आवाज आला, मी वळलो.”

“शब्दन्‌शब्द तेच सांगतोयस,” तो म्हणाला. राक्षसाचा आवाज तो नेहमी खर्जात काढायचा, पण हे त्याच्या साध्या, रोजच्या आवाजात आलं. “पाठ केलंयस.”

बायकोच्या बोटांत तिच्या पात्राचा कागद होता. ती त्याची कड दुमडत होती, ती बोटं थांबली.

“मालक, दुसरं काय सांगू?”

“मुका मार,” त्याने जाहीर केलं – नियम असा की फासे टाकण्याआधी जाहीर करायचं – आणि ओंजळ टेबलावर सोडली.

असे फासे पडायला भाग्य लागतं. सगळे मोठे आकडे, एकजात मोठे. तो एकेक बाजूला सारत मोठ्याने बेरीज करत गेला, शपथेचा मिळवला, कोपऱ्यात सापडल्याचा मिळवला, आवाज चढत गेला, आणि मध्येच केव्हातरी डॉक्टरिणीचं हसू मावळलेलं त्याला दिसलं तरी बेरीज अर्धी सोडता येत नाही म्हणून त्याने ती पुरी केली. आणि तेव्हा त्यालाही दिसलं. पहारेकरी काही राक्षस नव्हता, सरदार नव्हता. साधा म्हातारा माणूस, त्याचा जीव तो केवढा असणार, त्यातून मागच्या खेळातला मार अंगात तसाच. या बेरजेत तो बेशुद्ध पडून वर उरत होतं. पुष्कळ उरत होतं. वरचं सगळं जखम.

पुठ्ठ्याआड धाकट्याने आपला परत मिळालेला निळा फासा टाकला. कपाटाच्या काचेत एक निळा ठिपका गरगरताना दिसला... आणि धाकटा त्याच्याकडे पाहतच नव्हता. तो वहिनीकडे पाहत होता. ठिपका अजून फिरत होता, तोच तो म्हणाला –

“बेशुद्ध पडलाय. श्वास चालू आहे.”

“मेला तो,” त्याने म्हटलं.

“नाही मेला, दादा.”

“बेरीज मी केलीय.”

“तुझ्या बाजूची केलीस. त्याचा जीव किती ते तुला कुठे माहीत आहे? ते माझ्याकडे असतं.”

“फासा थांबायच्या आत तू बोललास. मी काचेत पाहिलं.”

धाकट्याने मागे वळून कपाटाकडे पाहिलं, मग त्याच्या खुर्चीकडे. “म्हणून जागा बदललीस होय?”

“त्या दिवशीही मी काचेतूनच पाहिलं होतं.” आवाज त्याने जराही चढवला नाही, चढवायचा नाही असं सांगितलं होतं ना सगळ्यांनी. उलट अगदी मऊ, समजुतीच्या स्वरात त्याने विचारलं, “मला फक्त एवढंच सांगा, काय ठरवलंत तुम्ही तिघांनी? मी काही चिडणार नाही. काय म्हणाले डॉक्टर?”

बायकोने हात लांब करून पुठ्ठा आडवा पाडला. निळा फासा उचलून घेतला आणि मुठीत धरला.

“मेलाय तो, भाऊजी,” ती म्हणाली. “सांगून टाका. यांना सांभाळू नका.”

“वहिनी –”

“हा फासा सापडल्यापासून मी रोज सकाळी टाकते.” आता ती नवऱ्याशी बोलत होती, पण बघत होती मुठीकडे. “दहाच्या वर पडला तर आज हे विचारणार नाहीत, असं मनाशी धरते. आज सतरा पडला होता. चहा गाळून व्हायच्या आत विचारलंत.”

त्याने मिठाचं भांडं थोडं पलीकडे सरकवलं.

“डॉक्टर जे म्हणाले ते मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं. तेवढंच म्हणाले. आणखी काही म्हणाले असते तर बरं झालं असतं, तुम्हाला द्यायला काहीतरी असतं माझ्याकडे. एकदा मी ‘दगदग नको’च्या आधी ‘गोळ्या’ म्हणाले, तर तुम्ही संध्याकाळभर विचारत होतात, आधी असं नव्हतीस म्हणाली. म्हणून तेच शब्द ठेवलेत. तसेच्या तसे.”

“पण तू... भांडतही नाहीस,” तो म्हणाला, आणि ते बाहेर पडल्यावर त्याला स्वतःलाच केविलवाणं वाटलं.

“भांडायला अंगात काही उरावं लागतं हो.” आता तिने वर पाहिलं. “गच्चीवर मी काय करते तेही शोधत असाल. काही नाही करत. नुसती उभी राहते. तिथे कुणी काही विचारत नाही.”

फासा टेबलावर ठेवून ती उठली. वाळलेल्या चादरी आणायच्या आहेत, असं डॉक्टरिणीला म्हणाली, जणू तिचीच परवानगी हवी होती, आणि दार ओढून घेऊन गेली.

डॉक्टरीण थोडा वेळ बसली, मग मी नंतर येते म्हणून गेली. धाकट्याने फासे पिशवीत भरले. निळा तिथेच राहू दिला. विसरून की मुद्दाम, हे त्याने धाकट्याच्या चेहऱ्यावर शोधून पाहिलं आणि त्याला काही सापडलं नाही.

“एक सांग,” दारापर्यंत जाऊन त्याने भावाला गाठलं. “फासा न बघता का बोललास?”

“वहिनीचा चेहरा बघितला म्हणून,” धाकटा म्हणाला. मग चपला घालता घालता, “तुला वाटतं मी तुला वाचवत होतो.” एवढंच बोलून तो जिना उतरला.

दारातून परत येऊन तो एकटाच टेबलाशी बसला. पहिल्यांदा आली ती खुशी – लाज वाटावी अशी, पण खुशीच: ती बोलली. इतक्या महिन्यांनी ती त्याला लागेल असं बोलली, हातचं न राखता. आणि त्या खुशीचं बोट धरून लगेच दुसरं काहीतरी आत शिरलं... हेही ठरवलेलं नसेल कशावरून? डॉक्टरीण तशी गप्प का होती? धाकटा जाता जाता एवढं नेमकं वाक्य बोलला, ते त्याला सुचलं की आधीच तयार होतं? याला भांडण हवंय तर एकदा द्या, म्हणजे गप्प बसेल – असंही कुणी म्हणालं असेल, काचेपलीकडे, हात खाली-वर करत...

तो तिथे थांबला. कारण हा विचार कुठे जाणार ते त्याला दिसलं. तो तिच्यापाशी जाणार होता. ती खाली आली की हा विचार मऊ गोणपाटात नीट गुंडाळून तो तिच्यापुढे ठेवणार होता – मघाशी तू म्हणालीस ते तुझं तुलाच सुचलं का गं? – चिडता, ओरडता, कपाळावर आठी न घालता. आपण आवाज चढवत नाही याचा त्याला केवढा अभिमान होता! घरी आल्यापासून तो तिला एक कडू शब्द बोलला नव्हता. नुसतं विचारलं होतं. चहाच्या वेळी, फिरायला गेल्यावर, दिवा मालवताना. कधी डॉक्टरांच्या नावाने, कधी धाकट्याच्या, कधी नुसतं तुला काय वाटतं म्हणून. प्रत्येक वेळी एक साधा, रक्त न काढणारा प्रश्न – आणि प्रत्येक वेळी तो मोजत होता, ती किती दडवते ते.

मी मोजत होतो. तिने काय सांगितलं, कोणत्या क्रमाने सांगितलं, कुठे थांबली, सगळं माझ्याकडे आहे. धार थांबली ती मी ऐकली. गाळणीतली चहाची धार मध्येच थांबली आणि मला वाटलं, पकडली.

डॉक्टरांनी आणखी काही सांगितलं की नाही, हे मला अजूनही माहीत नाही. ती खरं बोलली असं मला वाटतं. पण मला वाटतं याला माझ्याच कामात कधी किंमत नव्हती. फासा समोर आहे. टवका उडालेला, म्हणजे तसा तो बादच करायला हवा, कोणत्या तरी बाजूला तो जास्त झुकणार. हिने रोज सकाळी त्याच्यावर भरवसा ठेवला. काहीतरी मनाशी धरून मीही तो टाकावा, म्हणून उचलला, आणि काय धरावं ते सुचेना, तेव्हा तसाच हातात ठेवला.

जिन्यावर पावलं वाजली. दार उघडून ती आत आली, चादरी छातीशी धरलेल्या, त्यांना उन्हाचा वास. डोळे कोरडे होते, किंवा वाऱ्याने कोरडे झाले होते. ती टेबलाच्या पलीकडे येऊन उभी राहिली.

मी तोंड उघडलं. मला एवढंच म्हणायचं होतं – बरं वाटतंय का तुला? पण हा त्यातलाच एक आहे की वेगळा आहे, हे मला माझ्याच तोंडातल्या प्रश्नाकडे पाहून ओळखता येईना. आणि तिच्याकडे पाहिलं तर तीही माझ्या ओठांकडेच बघत होती, चादरी थोड्या आणखी घट्ट धरून, पहिला शब्द कोणता येतो याची वाट पाहत.

माझ्या बाजूची बेरीज मला आता तोंडपाठ होती. तिच्या बाजूला किती उरलंय ते मला माहीत नव्हतं, आणि ते कळायचं तर मला तिलाच विचारावं लागणार होतं.